सन्मानाचा ठराव आणि त्यानंतरची जबाबदारी

विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या प्रारंभी शोकप्रस्ताव मांडले जातात. दिवंगत माजी सदस्यांच्या कार्याचा उल्लेख होतो, सभागृह स्तब्ध उभे राहते आणि सभागृहाच्या शोकभावना कुटुंबीयांना कळवल्या जातात. कर्तव्यावर प्राण देणारे पोलीस, माजी सैनिकांच्या संघटना आणि हयात असलेले मोजके स्वातंत्र्यसैनिक यांच्या गौरवाचे ठरावही याच सभागृहात व्हावेत, ही मागणी रास्त आहे. ठराव हे सभागृहाचे मत असते. त्याने कायदा बदलत नाही आणि तिजोरीतून रुपयाही निघत नाही. पैसा अर्थसंकल्पातून येतो, अंमलबजावणी शासन निर्णयातून होते. तरीही लोकप्रतिनिधींनी एकमुखाने नोंदवलेले मत कामकाजाच्या इतिवृत्तात कायम राहते आणि पुढच्या सरकारांना त्याचा जाब विचारता येतो.

ठराव आणि अंमलबजावणी यांत किती अंतर पडू शकते, हे मराठवाड्याने अनुभवले आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. पाठोपाठ दंगली उसळल्या. दलित वस्त्या जळाल्या आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे सभागृहाचा शब्द कागदावर होता आणि त्याची किंमत गावोगावची माणसे मोजत होती.

मराठवाड्यातले ज्येष्ठ लढवय्ये म्हणजे सर्वांत आधी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सैनिक. बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ या लढ्यातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची १९४६ मध्ये हत्या झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीच्या बँकेवर धाड घातली. निजामी हद्दीबाहेर उमरखेडसारख्या ठिकाणी त्यांचे कॅम्प उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. या लढ्याचा निर्णायक टप्पा १५ ऑगस्ट १९४७ नंतरचा. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना १९७२ ची आणि ती मुख्यतः त्याआधीच्या लढ्यावर बेतलेली. त्यामुळे हैदराबादच्या लढ्याला त्या योजनेत जागा मिळायला आणखी काही वर्षे जावी लागली आणि सीमेवरचे कॅम्प एकेक करून मान्य करून घ्यावे लागले. बंदूक घेतलेल्या माणसाला कॅम्पात असल्याचा कागद शोधत हिंडावे लागले, याची खंत या भागात आजही बोलली जाते. १७ सप्टेंबर हा हैदराबाद मुक्ती दिन म्हणून पाळण्याची अधिसूचना केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढली. तोवर त्या पिढीतले बहुतेक जण गेले होते. उशिरा आलेला मान हा त्या माणसाला मिळत नाही, त्याच्या नातवंडांना मिळतो.

पोलिसांची गोष्ट निराळी. लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे २१ ऑक्टोबर १९५९ रोजी चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस ठार झाले. तेव्हापासून हा दिवस पोलीस स्मृतिदिन आहे. जिल्हा मुख्यालयांच्या मैदानावर वर्षभरात कामी आलेल्यांची नावे वाचली जातात आणि सलामी दिली जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर २०१८ मध्ये उद्घाटनावेळीच सुमारे ३५ हजार नावे कोरलेली होती. अमेरिकेत १५ मे हा पोलिसांचा स्मृतिदिन १९६२ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या ठरावानेच ठरला. आपल्या संसदेने मुंबईवरील हल्ल्यानंतर ११ डिसेंबर २००८ रोजी एकमताने ठराव केला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांना पुढच्याच प्रजासत्ताक दिनी अशोक चक्र मिळाले.

मोठ्या घटनेनंतर देश एकवटतो. गडचिरोलीच्या जंगलातला शिपाई मात्र आठवड्याभरात विस्मरणात जातो. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. मृतांत बीड आणि हिंगोलीचे तरुणही होते. हा प्रश्न नांदेड-लातूरला परका नाही. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे आणि बाभळगावला राज्य पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी इथल्या शेतकऱ्याच्या घरात पोलीस किंवा सैन्याची भरती हाच खात्रीचा पगार ठरतो. वर्दी चढवणारी पोरे इथलीच आहेत, तेव्हा त्यांच्या मागे राहणाऱ्या घरांचा प्रश्न इथल्या आमदारांनी उचलला पाहिजे.

मानाला ठोस रूप देता येते, हे काही निर्णयांनी दाखवले आहे. वीरमरण आलेल्या जवानांच्या कुटुंबीयांची मदत राज्याने २५ लाखांवरून २०१९ मध्ये एक कोटी केली. २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या योजनेखाली मालमत्ताकरातून सूट मिळाली. ही सूट विधवेपर्यंत पोहोचते ती ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून. ती नोंद होते की नाही, हे पाहायला तिच्या बाजूने कोणीतरी उभे राहावे लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि पोलीस अधीक्षक यांनी त्यासाठी तालुकावार यादी ठेवली, तर बराच त्रास वाचेल.

नांदेड आणि लातूरच्या आमदारांनी पुढील अधिवेशनात सन्मानाचा ठराव आणावा. त्यात मागील वर्षी कर्तव्यावर मरण पावलेल्या प्रत्येक पोलिसाचे व जवानाचे नाव आणि गाव असावे. त्यांच्या घरांना काय मिळाले आणि काय बाकी आहे, याचा अहवाल त्यापुढच्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवण्याची अट असावी. शासनाने सभागृहात दिलेल्या आश्वासनांवर लक्ष ठेवणारी आश्वासन समिती विधिमंडळाकडे आधीपासून आहे. सरकारने अहवालाचे आश्वासन सभागृहात द्यावे आणि ते पाळले जाते की नाही हे या समितीने पाहावे. त्याला नवा कायदा लागत नाही.