चाकांवरचे घर डोंगरावर नेताना

मे महिना लागला की गोंदियात पारा ४५ अंशांकडे धाव घेतो. कूलरमधले पाणी दुपारपर्यंत कोमट होते आणि घराघरांत एकच विषय निघतो. यंदा थंड हवेला कुठे जायचे? पूर्वी उत्तर ठरलेले असे. यात्रा कंपनीची बस, सोबत आचारी आणि भांडीकुंडी, अन् चारधाम. आता त्यात नवी तऱ्हा आली आहे. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, गाडीतच पाण्याची टाकी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. ज्यांना तयार गाडी परवडत नाही ते जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन सुताराकडून आत पलंग आणि कपाटे बसवून घेतात.

गेल्या उन्हाळ्यात असेच एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. सोबत पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे जाणार होती. महिनाभर गाडीतच राहायचे, असा बेत. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लॉजचे भाडे नाही, बाहेरचे खाणे नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या महिन्याभराच्या लिहून द्या." मी गोळ्या लिहिण्याआधी प्रवासाचा कागद मागितला. पहाटे ऋषिकेश सोडायचे आणि त्याच रात्री बद्रीनाथला झोपायचे, असे त्यात होते. मी विचारले, "गुरुजी, घर सोबत नेता आहात, मग घाई कसली?"

माझे सांगणे एवढेच आहे. चाकांवरच्या घराचा आरोग्याला खरा फायदा कोणता असेल तर तो म्हणजे वाटेल तिथे मुक्काम करता येतो. आपली मंडळी मात्र त्याचा उपयोग जास्त धावण्यासाठी करतात. लॉजची खोली शोधायची नाही, मग आणखी शंभर किलोमीटर मारू, असा हिशेब होतो. हा हिशेब शरीराला मानवत नाही.

आकडेच पाहा. गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे. ऋषिकेशही जवळपास तेवढेच. जोशीमठ, म्हणजे आताचे ज्योतिर्मठ, सुमारे १९०० मीटरवर, बद्रीनाथ सुमारे ३१०० मीटरवर आणि केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर. केदारनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. शरीर यातूनही मार्ग काढते. श्वास वाढतो, नाडी जलद होते, हळूहळू रक्तही बदलते. पण त्याला काही रात्री लागतात. त्या रात्री दिल्या नाहीत तर डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही, जेवण नको वाटते. हा विरळ हवेचा आजार होय. तरण्याताठ्या माणसालाही तो होतो. पूर्वीपासून हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर धोका वाढतो. २०२२ सालच्या चारधाम यात्रेत शंभराहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांतील बहुतेकांच्या मृत्यूचे कारण हृदयविकार सांगितले गेले.

म्हणून ऋषिकेशहून निघाल्यावर वाटेत एखादा मुक्काम करावा. ज्योतिर्मठच्या उंचीवर निदान दोन रात्री काढाव्यात आणि मगच वर जावे. ३००० मीटरच्या पुढे रोजची झोपण्याची जागा ५०० मीटरहून अधिक उंच नेऊ नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. डोके दुखत असेल तर वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला ताबडतोब खाली आणावे आणि १०८ वर फोन करावा. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी गोळी मिळते, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

दुसरा धोका गाडीच्या आतच असतो. डोंगरात रात्री थंडी वाजते, म्हणून काचा गच्च लावल्या जातात आणि आत शेगडी पेटते. कोळसा असो, गॅस असो वा जनरेटर, कोंडलेल्या जागेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस मग उठतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला हाच वायू आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी, की या विषबाधेची पहिली लक्षणे विरळ हवेच्या आजारासारखीच असतात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर. घरातली मंडळी म्हणतात, उंचीमुळे होत असेल, आणि काचा आणखी घट्ट करून झोपतात. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. गाडीतल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले, किंवा बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटले, तर आधी गाडीतल्या हवेवर संशय घ्या. सर्वांना बाहेर काढा, दारे उघडा, जळण विझवा आणि जवळचा दवाखाना गाठा. रात्री गाडीत ज्योत नको, शेगडी नको, इंजिन चालू नको. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटे उघड्या असाव्यात. थंडीसाठी गरम कपडे आणि जाड रजई घ्यावी. हा वायू ओळखून वाजणारी बॅटरीवरची घंटी बाजारात मिळते. पलंगाच्या गादीवर खर्च करणाऱ्याने तीही घ्यावी.

स्वयंपाकही गाडीबाहेर, मोकळ्यावरच करावा. आपले गाव रेल्वेचे आहे, त्यामुळे ही बातमी अनेकांना आठवत असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वेडब्यात, बेकायदा नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जणांचे प्राण गेले. दार एक आणि माणसे सहा, अशा गाडीत पळायलाही जागा नसते.

आता खास आपल्या भागाची गोष्ट. गोंदिया, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल अनेक घरांत आहे. अंगात प्राणवायू कमी पडला की या रुग्णांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने इतक्या उंचीवर जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही. तरीही उंचीवर क्वचित प्लीहेला इजा होते. वाहकाने भरपूर पाणी प्यावे, दमछाक टाळावी आणि डाव्या बरगडीखाली दुखू लागल्यास लगेच खाली उतरावे. आपली तपासणी झालेली नसेल तर प्रवासाआधी ती करून घ्यावी. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, त्याचा मुख्य भर तपासणीवरच आहे.

काही वाचक म्हणतील, डॉक्टर प्रवासाला भिववतात. तसे नाही. भट्टीसारख्या उन्हातून चार आठवडे बाहेर पडणे, मुलांनी नदीकाठी खेळणे, म्हाताऱ्यांनी थंड हवेत चालणे, हे औषधाइतकेच गुणकारी आहे. ज्यांना हिमालय झेपणार नाही त्यांच्यासाठी चिखलदरा आणि पचमढी आहेतच. दोन्ही ठिकाणे १००० मीटरच्या थोडी वर आहेत. गारवा मिळतो आणि हवा विरळ लागत नाही. घर चाकांवर असल्यावर ते तिथे उभे करायला काय हरकत आहे?

गुरुजींनी माझे ऐकले. सर्वांची तपासणी केली तेव्हा मोठा नातू सिकलसेलचा वाहक निघाला. घरात कोणालाच त्याची कल्पना नव्हती. त्यांनी केदारनाथ वगळले, वाटेत मुक्काम वाढवले आणि बद्रीनाथला दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली ज्योतिर्मठला झोपायला आले. परत आल्यावर गुरुजींची तक्रार एकच होती. ठरवलेली निम्मी ठिकाणे राहिली. मी म्हटले, "गाडी आहे, गोळ्या चालू आहेत, पुढचा उन्हाळाही येणार आहे. जाताना रक्तदाब तेवढा पुन्हा दाखवून जा."