तहान मुक्यांनाही लागते

2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांनी पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिली. 12 एप्रिलला मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. माणसांना घागरी मोजून पाणी मिळाले. गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांचा हिशेब कोणी ठेवला?

रोजेदाराला तहान समजावून सांगावी लागत नाही. मात्र त्याची तहान मगरिबच्या अजानबरोबर संपते. मुक्या जनावराला अशी ठरलेली वेळ नसते. तहानेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या पायताणात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफ केले, असे हदीसमध्ये आहे.

पण दया डोळस हवी. इफ्तारनंतरची हाडे, उरलेले अन्न रस्त्यावर फेकणे म्हणजे सदका नव्हे. त्यामुळे झुंडी जमतात आणि पहाटे फजरला निघालेल्या वृद्धांवर, मुलांवर धावून जातात. मग लोक काठ्या उचलतात. खरा उपाय निर्बीजीकरण आणि रेबीजची लस हाच आहे. 2023 च्या नियमांनुसार ती स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. नांदेड-लातूरच्या महापालिकांकडे तिचा आग्रह धरणे हीही सेवाच. कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद-मिरची लावू नये.

दाराशी, सावलीत मातीचे एक भांडे ठेवा. रोज घासून भरा. ईदचा चाँद दिसला म्हणून ते उचलू नका; तहान ईदनंतरही लागते.