‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी योग्यच



‘ड’ जीवनसत्त्वाचे निष्क्रिय रूप मोजून प्रयोगशाळा दिशाभूल करतात, हे वाचकपत्रातील मत मुळीच पटणारे नाही. यकृतात तयार होणारे हे २५-हायड्रॉक्सी रूप रक्तात २-३ आठवडे टिकते, म्हणून शरीरातला साठा तेच दाखवते. मूत्रपिंडात तयार होणारे सक्रिय कॅल्सिट्रिऑल काही तासांतच ओसरते. शिवाय साठा घटला की पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि मूत्रपिंडाला कॅल्सिट्रिऑल अधिक बनवायला लावते. परिणामी हाडे कमकुवत होत असतानाही त्याचे प्रमाण नेहमीइतके, कधी जास्तही दिसते. ते मोजले तर खरी फसगत इथेच होईल! मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यांना अनेकदा सक्रिय रूपच औषध म्हणून द्यावे लागते. पण तो निर्णय डॉक्टरांचा. इतरांनी कृपया कॅल्सिट्रिऑल स्वतःहून घेऊ नये. रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकते.

— एक वाचक