सिंधुदुर्गात स्त्रियांची शर्यत हवी

2026 च्या जानेवारीत ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची 437 किलोमीटरची सायकल शर्यत पुणे जिल्ह्यात पार पडली, तिच्या निमित्ताने मुळशी-मावळापासून पुरंदरापर्यंतच्या रस्त्यांचा कायापालट झाला, आणि सरकारने एखादी गोष्ट मनावर घेतली म्हणजे खाती, दप्तरे व बंदोबस्त एका दिशेने कसे चालू लागतात, याचा प्रत्यय महाराष्ट्राला आला. ती शर्यत केवळ पुरुषांची होती. पहिल्याच वर्षी एवढा व्याप उभा करणाऱ्यांस त्याबद्दल बोल लावण्याची माझी इच्छा नाही. परंतु पुढची पायरी कोणती, हे विचारण्याचा हक्क रयतेला आहे, आणि ती पायरी म्हणजे स्त्रियांची व्यावसायिक शर्यत असावी व ती आमच्या सिंधुदुर्गात व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा शर्यतीचे खरे तेज टाइम ट्रायलमध्ये दिसते. घोळक्यातून धावताना पुढच्या स्वाराच्या आडोशाला राहून श्रमांचा मोठा हिस्सा वाचवता येतो. येथे ती सोय नाही. एकेक स्वार ठरावीक अंतराने सुटते, कोणाच्या मागे दडता येत नाही, आणि समोर असतो तो फक्त रस्ता, वारा व घड्याळ. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना आणि पुरुषांना 32.4 किलोमीटरचे एकच अंतर होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस ब्राउनने पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यांवरून ते 40 मिनिटांच्या आत तोडून सुवर्णपदक मिळवले. मालवण ते कुडाळ हे अंतरही तीसेक किलोमीटरच भरते. मालवणच्या बाजारातून निघून कुंभारमाठच्या चढाने सड्यावर यावे, चौके मागे टाकून धामापूरच्या तलावाकडे उतरावे, नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडावी आणि कुडाळ गाठावे, हा मार्ग स्वाराच्या मांड्यांची आणि मनाची सारखीच परीक्षा घेणारा आहे. मात्र सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा तोंडावर असतो, आणि दुपारकडे खारे वारे सुटले की तोच वारा पाठीशी येतो. तेव्हा पहिल्या व शेवटच्या स्वाराला समान न्याय मिळावा म्हणून शर्यत सकाळच्या प्रहरातच आटोपली पाहिजे, हे येथला कोणताही रापणकर मच्छीमार आयोजकांना समजावून सांगेल.

शर्यत एकदा भरवून मोकळे होण्याची भीती मला अधिक वाटते, आणि त्या भीतीला इतिहासाचा आधार आहे. 1984 साली फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीसोबत स्त्रियांची शर्यत सुरू झाली आणि अमेरिकेची मारियन मार्टिन तिची पहिली विजेती ठरली. परंतु 1989 नंतर ती त्या स्वरूपात बंद पडली, पुढे निरनिराळ्या नावांनी कशीबशी तगली, आणि पुरुषांच्या शर्यतीच्या मूळ आयोजकांनी तिला पुन्हा आपल्या छत्राखाली घेतले ते थेट 2022 मध्ये. मधल्या काळात एका पिढीतील स्त्रियांनी नोकऱ्या सांभाळून, अल्प मानधनावर सायकली चालवल्या. पहिल्या श्रेणीच्या संघांतील स्त्री-स्वारांना किमान वेतनाचे बंधन 2020 साली आले, यावरून जेथे पैसा मुबलक होता तेथेही न्याय किती उशिरा पोहोचला हे कळते. म्हणून येथली तरतूद पहिल्या वर्षापासून जिल्ह्याच्या जमाखर्चात कायम असली पाहिजे.

गुणवत्तेचा दुष्काळ आपल्याकडे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे आणि संगमनेरची प्रणिता सोमण यांनी राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्राला पदके दिली आहेत. राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सरकार सायकली देते, ही योजनाही मोलाची. पण बारावी संपली की ती सायकल पडवीत भिंतीला टेकते, कारण सायकलवर कोणी आयुष्य घडवू शकते हे त्या मुलीने कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते. आमच्याकडे तर त्याआधीचाच अडसर आहे. पावसाळा सरला की डांबराच्या कडेची साईडपट्टी वाहून गेलेली असते. चिऱ्यांनी भरलेला ट्रक मागून हॉर्न देतो, तेव्हा दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलीला वीतभर खाली त्या तांबड्या मातीत चाक उतरवावे लागते, ते रुतते, आणि ती सायकल हातात धरून चालू लागते. शर्यतीच्या निमित्ताने सार्वजनिक बांधकाम खात्याने या पट्ट्या भरून घट्ट दाबल्या, तरी शर्यतीचा निम्मा खर्च वसूल झाला असे मी समजेन.

मालवणला स्पर्धेचे वावडे नाही. चिवल्याच्या किनाऱ्यावर राज्यभरातील जलतरणपटू पोहायला येतात, त्यांत लहान मुलींपासून प्रौढ स्त्रियांपर्यंत सर्व असतात, आणि त्या दिवसांत गावातल्या खानावळींपासून होडीवाल्यांपर्यंत सारे त्यांच्या पाठीशी उभे राहतात. तीच वृत्ती रस्त्यावर आणायची आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाने दरखास्त करावी, राज्याच्या क्रीडा खात्याने मंजुरी द्यावी, बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या शर्यतीइतकीच ठेवावी. आणि त्याच सकाळी, व्यावसायिक स्वार सुटण्यापूर्वी, बंद केलेल्या त्याच रस्त्याचे पहिले 5 किलोमीटर शाळेच्या मुलींना त्यांच्या साध्या सायकलींवर, घड्याळ लावून, धावू द्यावेत.