झुंबराखालचा भागधारक

आपल्याकडे 'हॉटेल' या शब्दाचा पहिला अर्थ अजूनही चहा, भजी आणि मिसळ असाच आहे. 'हॉटेलात राहिलो' यापेक्षा 'हॉटेलात खाल्ले' हे वाक्य मराठी घरात कितीतरी अधिक वेळा उच्चारले जाते. पंचतारांकित हॉटेल ही वस्तू आपण बहुधा बाहेरूनच पाहिलेली. गेट वे ऑफ इंडियाच्या कठड्यापाशी ताजकडे पाठ करून काढलेला एक फोटो अनेकांच्या अल्बममध्ये सापडेल. अशा वास्तूचे आपणही एक मालक व्हावे, ही कल्पना सुखावणारी आहे. २०२५ च्या जानेवारीत तर ती न मागता अनेकांच्या पदरात पडली. आयटीसी कंपनीने आपला हॉटेल व्यवसाय वेगळा काढला आणि जुन्या कंपनीच्या दर दहा शेअरांमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर भागधारकांना दिला. वडिलांनी या सिगारेटच्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते, अशी कितीतरी घरे आहेत (आमचेही त्यांतलेच). ही सारी मंडळी एके दिवशी हॉटेलवाली झाली!

तेव्हापासून मला वारंवार विचारले जाते, "हे ठेवू की विकू?" बँकेतून निवृत्त झालेले माझे एक परिचित तर आणखी पुढे गेले. "लग्नाच्या हंगामात खोल्या मिळत नाहीत, भाडी ऐकून घेरी येते. मग फंडाचे चार-पाच लाख यातच घालावेत म्हणतो," असा त्यांचा विचार. निरीक्षण अगदी बरोबर. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो.

हॉटेल विकते काय? खोली नव्हे, रात्र. आणि रात्रीइतका नाशवंत माल दुसरा नाही. दुकानदाराचे न विकलेले लुगडे पुढच्या दिवाळीला खपते. आजची रिकामी खोली उद्या कुणालाही विकता येत नाही. खर्च मात्र थांबत नाही. शंभर खोल्यांचे एक हॉटेल कल्पू या. नोकरांचे पगार, वीज, देखभाल, बँकेचे व्याज मिळून दिवसाला दोन लाख ऐंशी हजार खर्च. (साबण, चादरी, न्याहारी यांचा किरकोळ हिशेब सोडून देऊ.) पाच हजार भाड्याने सत्तर खोल्या भरल्या तर साडेतीन लाख येतात, सत्तर हजार उरतात. दिवस चांगले आले, ऐंशी खोल्या सहा हजारांनी गेल्या, की चार लाख ऐंशी हजार येतात आणि नफा होतो दोन लाख. खोल्या दहाच वाढल्या, भाडे हजारानेच वाढले. नफा जवळजवळ तिप्पट! पण वारे फिरले आणि साडेचार हजारांनी पन्नासच खोल्या गेल्या, तर रोजचा पंचावन्न हजार तोटा. याच झोक्यावर शेअरचा भाव झुलतो.

हे कागदावरचे गणित नव्हे. ताज चालवणारी इंडियन हॉटेल्स ही देशातील या धंद्यातली थोरली कंपनी. मुंबईचे ताज १९०३ पासून उभे आहे. करोनाच्या २०२०-२१ या वर्षात याच कंपनीला सातशे कोटींहून अधिक तोटा झाला. २०२२-२३ मध्ये नफा हजार कोटींवर गेला. इमारत तीच, नाव तेच. फरक पडला तो प्रवासाला निघणाऱ्या माणसांमुळे.

शिवाय नवे मोठे हॉटेल उभे राहायला चार-पाच वर्षे लागतात. भाडी वाढली की प्रत्येकाला हॉटेल बांधावेसे वाटते, आणि सगळ्यांच्या खोल्या जवळजवळ एकाच वेळी तयार होतात. तोवर पाहुण्यांचा ओघ आटला असेल तर? कर्ज तर घेऊन झालेले असते.

लीलाची कथा म्हणूनच प्रत्येक भागधारकाने वाचावी. कृष्णन नायर यांनी १९८० च्या दशकात मुंबईत सहार विमानतळाजवळ पहिले हॉटेल उभारले. पुढे बंगळूर, उदयपूर, दिल्ली, चेन्नई असा विस्तार झाला. कर्जही वाढत गेले. अखेर २०१९ मध्ये ही चार हॉटेले कॅनडाच्या ब्रुकफिल्डने ३,९५० कोटी रुपयांना घेतली आणि त्यातला मोठा हिस्सा देणेकऱ्यांकडे गेला. जुन्या भागधारकांकडे मुंबईच्या एका हॉटेलाची कंपनी उरली. २०२५ मध्ये लीला हे नाव पुन्हा बाजारात आले ते नव्या मालकांच्या कंपनीतून, शेअरला ४३५ रुपये भावाने. झुंबर तेच, खानसामे तितकेच अदबशीर, पाहुण्याला काही जाणवलेही नसेल. हॉटेल भरभराटीला आले म्हणजे भागधारकही आला, असे नसते. रांगेत बँक पुढे असते, आपण शेवटी.

आणखी एक गोम आहे. या धंद्यात पाटी एकाची, भिंती दुसऱ्याच्या, जमीन तिसऱ्याची असू शकते. सहारच्या जेडब्ल्यू मॅरियटवर नाव अमेरिकन कंपनीचे. मालकी मात्र शॅले हॉटेल्स या २०१९ मध्ये शेअर बाजारात आलेल्या कंपनीची. दिल्लीतले मानसिंग रस्त्यावरचे ताज नवी दिल्ली नगर परिषदेच्या जागेत आहे. तेहतीस वर्षांचा करार २०११ मध्ये संपला, मुदतवाढीवर काही वर्षे गेली. २०१८ च्या लिलावात ताजने ते राखले, पण उत्पन्नातला ३२.५ टक्के वाटा परिषदेला देण्याच्या बोलीवर. दुसऱ्याची इमारत केवळ चालवायला घेणाऱ्या कंपनीला कर्जाचा जाच कमी, तशी जमिनीच्या वाढत्या किमतीची मिळकतही नाही. आपण यांतले नेमके काय विकत घेतो आहोत, हे दर्शनी दालनात कळत नाही. ते वार्षिक अहवालाच्या मागल्या पानांत, कर्जाच्या आणि भाडेपट्ट्याच्या टिपांमध्ये असते. चकचकीत छायाचित्रे पुढे का छापतात, याचा उलगडा तिथे होतो.

त्या परिचितांना मी सांगितले की फंडाचा पैसा पोस्टातच असू द्या. औषधपाण्याला हात न लागता निम्मी झाली तरी चालेल एवढीच रक्कम इकडे घाला, आणि तीही आज खोल्या मिळत नाहीत म्हणून नको. २०२० च्या उन्हाळ्यात विमाने जमिनीवर होती, हॉटेलांच्या खिडक्या अंधारात होत्या. तेव्हा हा शेअर घ्या म्हणणाऱ्याला घरच्यांनी वेड्यात काढले असते. शंभर रुपयांच्या आत आलेला इंडियन हॉटेल्सचा शेअर २०२४ संपताना आठशेच्या पुढे होता.