संशोधकाचे घर आणि आईची चिठ्ठी

गेल्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथे एका शालेय कार्यक्रमास आम्ही दोघे पाहुणे म्हणून गेलो होतो. आमच्या आधीच्या वक्त्यांनी एडिसनच्या बालपणीचे घर डोळ्यांपुढे उभे केले. मुलगा शाळेतून चिठ्ठी आणतो. आई ती वाचते, तिचे डोळे भरून येतात आणि ती मोठ्याने म्हणते, 'तुमचा मुलगा असामान्य आहे, त्याला शिकवण्याची आमच्या शाळेची योग्यता नाही.' आई गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ती चिठ्ठी कपाटात सापडते. तीत मुलगा मंदबुद्धी असल्याचे लिहिलेले असते. मांडवात टाळ्या पडल्या. वक्त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्रथम वर्षाच्या वर्गात हीच गोष्ट आम्हीही रंगवून सांगितलेली आहे.

कार्यक्रमानंतर नववीतील एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, आमच्या घरी शाळेची चिठ्ठी मीच वाचून दाखवते. आईला वाचता येत नाही. मग खोटं कुणी बोलायचं?"

इतकी वर्षे संहितेचे सूक्ष्म वाचन शिकवणाऱ्या आम्हांला हा प्रश्न सुचला नव्हता. ही कथा उभीच आहे ती वाचता येणारी आई आणि वाचू न शकणारे मूल या गृहीतकावर. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येकांच्या घरी ही मांडणी नेमकी उलटी असते.

त्यातून ही चिठ्ठी खरी असल्याचा कोणताही आधार नाही. एडिसनने स्वतः सांगितलेली हकिकत साधी आहे. शिक्षकाने आपल्याला डोके बिघडलेला म्हटल्याचे त्याच्या कानांवर आले, त्याने ते घरी सांगितले आणि आई शाळेशी भांडली. म्हणजे मुलाला सर्व ठाऊक होते. आईने काही लपवले नाही. ती पूर्वी शिक्षिका होती, तिने त्याला घरी शिकवले, पदार्थविज्ञानाचे पुस्तक हाती दिले आणि तळघरात बाटल्या मांडू दिल्या. या घटना पोर्ट ह्यूरन येथील घरातल्या. ते घर पुढे जळून गेले. यात्रेकरू जे घर पाहतात ते ओहायो राज्यातील मिलान गावचे, जिथे तो १८४७ साली जन्मला आणि जे त्याने सातव्या वर्षी, १८५४ मध्ये, सोडले. १९२३ साली तो तेथे गेला तेव्हा घरात अजून दिवे आणि मेणबत्त्याच जळत होत्या, असे सांगतात. या प्रसंगावर एखाद्या वगात काय बहार आली असती! पण आपल्याला हवे असतात अश्रू, आणि म्हणून चिठ्ठी.

मराठीतील चरित्रकथनाची ही जुनी खोड आहे. थोर पुरुषाचे बालपणीचे घर म्हणजे दारिद्र्य, मिणमिणता दिवा आणि माउली. त्यात काय होते, कोणते पुस्तक, कोणते अवजार, कुणाची ये-जा, हे विचारायचे नसते. ज्या घरात हा साचा बसत नाही ते घर आपण सांगतच नाही.

उदाहरण शंकर आबाजी भिसे यांचे. जन्म मुंबईचा, १८६७ चा. चौदाव्या वर्षी या मुलाने घरच्या घरी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनवले. पुढे सरकारी लेखा कार्यालयात नोकरी, ती करता करता १८९३ मध्ये विज्ञानप्रेमींचा क्लब, आणि सामान्य वाचकास यंत्र व शास्त्र समजावे म्हणून 'विविध कलाप्रकाश' हे मराठी मासिक. किराणा माल आपोआप जोखणाऱ्या यंत्राच्या कल्पनेने लंडनच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. तेथे दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले. छपाईचे खिळे झपाट्याने ओतणारे 'भिसोटाइप' हे त्यांचे यंत्र. नंतर अमेरिका, १९३० मध्ये प्रत्यक्ष एडिसनची भेट, १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे मृत्यू. आपण त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणतो. स्वतःच्या संशोधकासाठी बिरुददेखील उसने आणतो! (मराठीत नवे यंत्र घडवणारा संशोधकच आणि वेतनश्रेणीसाठी शोधनिबंध लिहिणारे आम्हीही संशोधकच, भाषेची ही उदारता आम्हांला सोयीची आहे.)

आमचा मुद्दा मराठीच्या प्राध्यापकांपुरता आहे. नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्ही 'निबंधमाला' (१८७४), 'केसरी' (१८८१), 'करमणूक' (१८९०) अशी वाट चालतो. त्याच काळात एक कारकून मराठीत यंत्रविद्येचे मासिक काढतो आणि अक्षराचा खिळा ओतण्याच्या यंत्रासाठी आयुष्य वेचतो, हे आमच्या टिपणांत नाही. खिळ्यावाचून नियतकालिक कसे निघेल, हा विचार साहित्याच्या वर्गाबाहेरचा मानला जातो. भिसे यांचे बालपणीचे घर विज्ञानाच्या तासाला शिकवतील असे आम्ही म्हणतो. ते म्हणतात, तो इतिहास आहे. अशा रीतीने ते घर कुणाचेच राहत नाही.

कवठे येमाईला हे कळायला हरकत नसावी. बशीर मोमीन (१९४७–२०२१) यांनी तमाशा फडांसाठी वग आणि लावण्या लिहिल्या, आणि गावाचेच नाव लावून ते 'कवठेकर' झाले. त्यांचा विषय निघाला की येथील माणसे फड आणि यात्रा यांच्याबद्दल बोलतात. कलावंत कुठे घडला हे त्यांना ठाऊक असते.

त्या मुलीला आम्ही चिठ्ठी खोटी असल्याचे सांगितले. ती फारशी नवल करताना दिसली नाही. मग भिसे यांची हकिकत सांगितली. चौदा वर्षांचा मुलगा, घर, कोळसा, वायू. तिने ती लक्ष देऊन ऐकली.

"घरात एवढा वास सुटला असेल," ती म्हणाली, "मग त्यांची आई काय म्हणाली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. शिरूरची गाडी सुटायला थोडाच वेळ होता.