शंभर वर्षं मातीत टिकलेली बाटली नळाखाली का तडकते?

जमिनीतून जुनी काचेची बाटली निघाली की हात आधी नळाकडे जातो. चिखल निघावा, काचेवरची उठावदार अक्षरं दिसावीत आणि फोटो लगेच ग्रुपवर जावा, एवढीच घाई असते. तेवढ्यात 'ठिंग' असा बारीक आवाज येतो आणि खांद्यापासून तळापर्यंत चीर उतरते. ती चीर पुन्हा बुजत नाही.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा बाटल्या खणून काढणं हा मोठा छंद आहे. अमेरिकेत 19व्या शतकातल्या घरांमागच्या जुन्या शौचकूपांमध्ये घरातला कचरा टाकला जायचा, तर ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातले राख-कचऱ्याचे ढीग अजून जमिनीखाली आहेत. तिथे औषधाच्या, शाईच्या, सोड्याच्या बाटल्या अखंड सापडतात. कुदळीचा घाव चुकवून बाटली बाहेर आली की काम फत्ते झालं, असं नवख्यांना वाटतं. पण खरा धोका त्यानंतरच्या काही तासांत असतो.

नेमकं काय होतं?

जमिनीत काही मीटर खाली तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. न्यूयॉर्कच्या परिसरात ते साधारण 10 ते 12 अंश सेल्सिअस असतं. वर मात्र जानेवारीत उणे 5 आणि जुलैत 30च्या पुढे. म्हणजे शंभर वर्षं एकाच तापमानात राहिलेली वस्तू दोन मिनिटांत वेगळ्याच ऋतूत येते.

बाटलीची नेहमीची काच तापली की प्रसरण पावते, पण अगदी थोडी. एक मीटर लांबीची काच 50 अंशांनी तापवली, तर ती अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. अडचण वेगळी आहे. काचेतून उष्णता हळू सरकते. त्यामुळे एक बाजू वाढते किंवा आकसते, तेव्हा दुसरी बाजू अजून पहिल्याच मापाची असते. दोघींची ओढाताण सुरू होते. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही.

म्हणूनच तापलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला की ती तडकायची. बाहेरचा पृष्ठभाग एकदम आकसतो आणि ताणाखाली येतो. थंड पेल्यात उकळता चहा ओतला तरी तेच. आतली बाजू फुगते, बाहेरची ताणली जाते. पेल्यात आधी स्टीलचा चमचा ठेवायची घरातली जुनी सवय या शास्त्राला धरूनच आहे. चमचा थोडी उष्णता स्वतःकडे ओढून घेतो.

खणून काढलेल्या बाटलीत आणखी दोन दोष असतात. पहिला दोष मातीतला. खडे, राख आणि वाळूने बाहेरच्या अंगावर सूक्ष्म ओरखडे पडलेले असतात आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे चिरेची तयार सुरुवात. दुसरा दोष जन्मजात. काच घडवल्यावर भट्टीत सुमारे 550 अंशांपासून सावकाश थंड करावी लागते, नाहीतर ताण आतच अडकून राहतो. 1903 मध्ये मायकेल ओवेन्स यांचं स्वयंचलित यंत्र येईपर्यंत बहुतेक बाटल्या तोंडाने फुंकून बनत. त्यांची जाडी कुठे कमी, कुठे जास्त आणि थंड करण्याची पद्धतही कारखान्यागणिक वेगळी. अशी बाटली आधीच ताणलेली असते. तापमानाचा धक्का फक्त निमित्त ठरतो.

मग करायचं काय?

काहीच न करणं, निदान पहिल्या दिवशी. बाटली अंगावरच्या मातीसकट ओल्या कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळावी आणि त्याच खड्ड्यातली माती भरलेल्या बादलीत किंवा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवावी. उन्हात नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. गडद रंगाची काच उन्हात झपाट्याने तापते. कडाक्याच्या थंडीत उलटा धोका असतो. आतल्या चिखलातलं पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि बाटली आतून फोडतं. बूच शाबूत असेल, तर मात्र ते उघडू नये. जुन्या औषधांत आणि कीटकनाशकांत विषारी द्रव्यं असू शकतात.

घरी आल्यावर हीटरपासून दूर, थंड खोलीत रात्रभर तशीच राहू द्यावी. धुताना पाणी बाटलीइतक्याच तापमानाचं हवं. गरम पाणी आणि डिशवॉशर वर्ज्य. काचेवर इंद्रधनुषी पापुद्रा दिसला, तर घासू नये आणि पंख्याखालीही सुकवू नये. पाण्याने काचेतले क्षार ओढून नेल्यामुळे तो थर तयार झालेला असतो आणि घाईने सुकवला तर खपल्यांसारखा गळतो.

आपल्याकडे हा प्रश्न येतो गोटी सोड्यामुळे. हायरम कॉड या ब्रिटिश इंजिनीअरने 1872च्या सुमारास पेटंट घेतलेली ही बाटली गॅसचा दाब पेलावा म्हणून जाड काचेची असते. आणि काच जितकी जाड, तितका आतल्या-बाहेरच्या बाजूंतला तापमानाचा फरक जास्त वेळ टिकतो. पाया खणताना किंवा विहिरीचा गाळ काढताना अशी बाटली मिळाली आणि मे महिन्यात गच्चीवर वाळत घातली, तर तिच्यावर माठातलं गार पाणी ओतणं म्हणजे कंदिलाचीच गोष्ट पुन्हा. मुद्दाम खणायला जाणाऱ्यांनी मात्र थांबावं. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खोदकाम हा गुन्हा आहे, आणि 1972च्या कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान 100 वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते.

बाटलीत किती ताण दडलाय, हे घरीही पाहता येतं. एलसीडी लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं, समोर बाटली धरायची आणि पोलराइज्ड गॉगल स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवायचा. काळ्या पार्श्वभूमीवर जिथे काच उजळ पट्ट्यांसारखी चमकते, तिथे ताण आहे. या पट्ट्या मानेजवळ किंवा तळाशी दाट दिसल्या, तर ती बाटली खिडकीत ठेवू नये. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, अशा रोजच्या फेऱ्यांत हवेतल्या ओलाव्याच्या साथीने जुनी चीर हळूहळू पुढे सरकत राहते. म्हणूनच काही बाटल्या धुताना नव्हे, तर कित्येक दिवसांनी, कुणी हातही न लावता कपाटात तडकतात.